रुजू झालात, आता पुढाकार कुठून घ्यावा?

जूनमध्ये रुजू झालेल्या नव्या शिक्षकाच्या वाट्याला हा दिवस येतोच. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग. मुख्याध्यापकांना पंचायत समितीत बैठक असते, ते सकाळच्या एसटीने तालुक्याला जातात आणि शाळेत तुम्ही एकटे उरता. खिचडी शिजवणाऱ्या मावशी विचारतात, "मॅडम, आज तांदूळ किती काढू?" एक पालक दाखला मागायला दारात उभा असतो. चौथीतलं एक लेकरू पडून कपाळाला खोक घेऊन आलेलं असतं. त्या दिवशी शाळा तुमच्या हातात असते, मग तुम्ही मानधनावरचे नवे शिक्षणसेवक असा की वीस वर्षं सेवा झालेले असा.

नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खुर्ची येते: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी. पण शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक धरला आहे तो पट १५० च्या वर गेला तरच. आपल्या वाडी-वस्ती-तांड्यावरच्या शाळा या आकड्याच्या आसपासही नसतात. तिथे एखादा शिक्षकच प्रभार सांभाळतो, माहिती भरतो, बैठकांना जातो आणि वर्गही घेतो. त्यामुळे शिकण्या-शिकवण्याच्या बाबतीत शाळा पुढे न्यायची असेल, तर कुणीतरी पद नसताना पुढे व्हावं लागतं. बीड, परभणी, लातूरकडच्या शाळांमध्ये मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. हा लेख नव्याने आलेल्यांसाठी आहे. काय करता येतं, कोणत्या क्रमाने करावं आणि कुठे थांबावं, ते सांगते.

पहिला महिना: बघा, ऐका, लिहून ठेवा

पहिल्या महिन्यात कोणतीही नवी योजना मांडू नका. आपला वर्ग आधी बसवा. ज्याच्या वर्गात गोंधळ आहे त्याचं म्हणणं स्टाफरूममध्ये कुणी ऐकत नाही, आणि ते रास्तच आहे.

एक दोनशे पानी वही घ्या. त्यात माणसांची नोंद करा. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष कोण, अंगणवाडीच्या ताई कोण, आशाताई कोण, गावात कोणाच्या शब्दाला वजन आहे, शाळेतून शिकून पुढे गेलेली तरुण पोरं गावात कोण आहेत. मग सहकाऱ्यांची नोंद: कोणाचं अक्षर सुंदर आहे, कोण गाणी चालीवर घेतो, कोणाला गणित हातखंडा आहे, पहिलीच्या लेकरांना रडू न देता कोण बसवतं. प्रत्येक शाळेत अशी शिदोरी असते, फक्त ती कुणी एका जागी लिहिलेली नसते.

समितीचं इतिवृत्त मागून घ्या आणि मागच्या दोन वर्षांचं वाचा. कोणते ठराव झाले, कोणते पार पडले, कोणते तसेच राहिले, हे त्या जाड रजिस्टरात असतं. एक शनिवार वस्तीवर फिरा. तांडा, गावकुसाबाहेरची घरं, रानातले आखाडे, म्हणजे शेतातल्या वस्त्या. लेकरू शाळेपर्यंत कोणत्या वाटेने येतं, मध्ये ओढा किती वाढतो, हे एकदा पायी चालून बघितलं की हजेरीपटावरच्या फुल्या वेगळ्या दिसायला लागतात.

मग एकच काम निवडा

शिक्षकाने पुढाकार घ्यायच्या वाटा अनेक आहेत. कुणी साहित्य गोळा करून सगळ्यांना देतो. कुणी शेजारच्या वर्गात जाऊन मदत करतो. कुणी चाचण्यांच्या नोंदी नीट वाचतो. कुणी नव्या शिक्षकाला सांभाळून घेतो, कुणी गावाशी दुवा होतो, कुणी शाळाबाह्य लेकरांच्या मागे लागतो. आणि प्रत्येक शाळेत एखादा असा लागतो जो बैठकीत शांतपणे विचारतो, "हे आपण का करतोय? याने पोरांना वाचता येईल का?"

यातलं सगळं एका माणसाला जमत नाही. एका वर्षी एक काम घ्या. निवडताना दोन गोष्टी बघा. ते काम तुम्हाला मनापासून आवडतं का, आणि तुमची बदली झाली तर ते पुढे चालेल का? दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे. आपल्याकडे चांगले उपक्रम पुष्कळ होतात, पण ते माणसासोबत येतात आणि माणसासोबत जातात. गाव म्हणतं, "ते सर होते तेव्हा शाळा लई भारी होती." त्या सरांचं कौतुक खरं आहे, पण मागे राहिलेल्या लेकरांच्या हाती त्यातलं काही लागत नाही.

इथे एक धोका सांगून ठेवते. तुम्ही तरुण आहात, मोबाईल-लॅपटॉप चालवता, म्हणून यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदी, ॲपवरचे फोटो, सगळं तुमच्याकडे सरकवलं जाईल. मदत जरूर करा. पण दोन-तीन महिन्यांत शाळेतल्या आणखी एकाला ते काम शेजारी बसवून शिकवा. सर्वांच्या वतीने माहिती भरत बसणारा शिक्षक शाळेला हवासा वाटतो, पण त्याच्या वर्गातली लेकरं तेवढा वेळ शिक्षकाविना बसलेली असतात.

साहित्य देणं

ही सगळ्यात सोपी सुरुवात. तुम्ही केलेली शब्दकार्डं, वाचनपाठ, सरावपत्रिका कपाटात कुलूप लावून ठेवू नका, सगळ्यांच्या हाताला लागतील अशा पेटीत ठेवा.

तांड्यावरच्या शाळेत असाल तर एक काम लगेच घ्या. लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. पहिलीच्या पुस्तकात 'आई' आणि 'भाकरी' असते, घरी 'याडी' आणि 'बाटी' असते. आम्ही एका वर्षी भिंतीवर चित्रं लावली, खाली दोन ओळी, वरची तांड्याच्या बोलीत, खालची मराठीत. शब्द आम्हाला येत नव्हते. तिसरी-चौथीच्या पोरांनी सांगितले, आम्ही देवनागरीत लिहिले, आणि चुकले ते तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांनी शाळेत येऊन दुरुस्त करून दिले. महिनाभर तोंड न उघडलेली एक पोरगी बाटीच्या चित्राखाली उभी राहून मोठ्याने वाचायला लागली. तो तक्ता पुढे शेजारच्या दोन शाळांनी उतरवून नेला. उर्दू माध्यमाची शाळा एकाच आवारात असेल तर तिथल्या शिक्षकांसोबतही असं काही करता येतं. मधलं मैदान एकच असतं, लेकरं एकत्र खेळतातच.

चुकीचं उत्तर वाचायला शिका

मला विचाराल तर शिक्षकाने घ्यावं असं सगळ्यात मोलाचं काम हे. चाचण्या आपण खूप घेतो. पायाभूत, संकलित, निपुणच्या पडताळण्या. गुण भरून झाले की गठ्ठा बांधून कपाटावर. त्या गठ्ठ्यात सोनं असतं आणि ते काढायला कोणाच्या परवानगीची गरज नसते.

एक उदाहरण जवळून दाखवते. तिसरीच्या पेपरात ४२ वजा १७ होतं. निम्म्याहून जास्त लेकरांनी ३५ लिहिलं. शेजारच्या वर्गाच्या सरांनी शेरा मारला, "लक्ष देत नाहीत." दोघं पेपर घेऊन बसलो. पुढचं गणित ५२ वजा २८, त्याच लेकरांचं उत्तर ३६. म्हणजे चूक सगळीकडे एकसारखी होती. लेकरं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. ७ मधून २ गेले ५, ४ मधून १ गेला ३. त्यांच्याकडे एक नियम होता, ती तो इमानाने पाळत होती, फक्त नियम चुकीचा होता. आणि तो आपल्याच बोलण्यातून आला होता, कारण "मोठ्यातून लहान वजा करायचं" हे आपणच वर्षभर सांगत आलो होतो.

मग आम्ही तुराट्यांचे बोटभर तुकडे केले आणि दहा-दहाचे गठ्ठे रबरात बांधले. ४२ म्हणजे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सतरा दे म्हटलं. लेकराने दोन सुट्या दिल्या आणि थबकलं. "अजून पाच पाहिजेत, सुट्या न्हाईत." मग काय करशील? थोडा वेळ गेला. त्याने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. वर्गातल्या प्रत्येकाला एकदा तो गठ्ठा सोडू दिला. हातचा हा शब्द त्यानंतर फळ्यावर आला.

करायची रीत अशी. चाचणी झाल्यावर कोणताही एकच प्रश्न घ्या. लेकरांनी लिहिलेली सगळी वेगवेगळी उत्तरं कागदावर उतरवा, पुढे किती जणांनी लिहिलं त्या उभ्या रेघा मारा. सर्वांत जास्त रेघा असलेलं चुकीचं उत्तर घ्या आणि सहकाऱ्याला विचारा, "हे लेकराच्या डोक्यात कसं आलं असेल?" गुणांची तुलना करू नका. तुमच्या वर्गाला किती, माझ्या वर्गाला किती, हे सुरू झालं की माणूस पेपर दाखवायचं बंद करतो. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारतचं उद्दिष्ट आहे २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आणि पायाभूत गणित यावं. ते गाठायचं तर रकाने भरण्याच्या पुढे जाऊन असे पेपर वाचावेच लागतील.

वर्गाचं दार उघडं ठेवणं

आपल्याकडे दुसरा माणूस वर्गात येतो तो तपासणीला. शेरेबुक घेऊन. त्यामुळे सहकारी वर्गात येऊन बसला तरी अंगावर काटा येतो. ही भीती घालवायची असेल तर आधी स्वतःचा वर्ग उघडा करा.

माझी एक चूक इथे सांगायला हवी. सेवेच्या दुसऱ्या वर्षी मी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत उभी राहून माझ्या वर्गातल्या वाचनाच्या पद्धतीवर बोलले. बोलण्याच्या भरात म्हणून गेले की आधी ही मुलं नुसती पाठांतर करत होती. ती मुलं आदल्या वर्षी आमच्याच शाळेतल्या ज्येष्ठ गुरुजींकडे होती आणि गुरुजी दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यानंतर कित्येक महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. वाट मोकळी व्हायला मलाच जावं लागलं. ते पाढे टाळ्यांच्या ठेक्यावर घ्यायचे, अख्खा वर्ग डुलायचा. मी म्हटलं, "गुरुजी, मला तुमचा पाढ्यांचा तास बघायचाय. माझ्या पोरांना जमत नाही." त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. आठवड्याने परिपाठानंतर म्हणाले, "उद्या या." मी जाऊन मागे बसले. पुढच्या महिन्यात ते आपणहून माझ्या वर्गात आले.

म्हणून आधी तुम्ही शिकायला जा. मग त्यांना बोलवा. बोलावताना एकच गोष्ट बघायला सांगा. मी सहकाऱ्याच्या हाती वर्गाचा साधा नकाशा देते, प्रत्येक लेकराची जागा म्हणजे एक चौकोन. वीस मिनिटांत मी ज्याला प्रश्न विचारेन त्याच्या चौकोनात एक रेघ मारायची, बस. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पुढच्या दोन रांगांत रेघाच रेघा होत्या आणि खिडकीकडचा कोपरा पांढराशुभ्र. त्या कोपऱ्यात बसणारी चार लेकरं कोणत्या वस्तीवरची आहेत हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्या रात्री नीट झोपले नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्गाची बसायची रचना दर सोमवारी बदलायला लागलो, दोन्ही वर्गांत.

बहुवर्ग शाळेत वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न खरा आहे. दोन वर्ग एकत्र बसवून एकाने गोष्ट घ्यायची, दुसऱ्याने बघायचं. वीस मिनिटं पुरतात.

मुख्याध्यापकांशी कसं बोलावं

"सर, आपण शाळेत एक मोठा उपक्रम राबवू" असं म्हणू नका. त्यांच्या डोक्यात आधीच पोषण आहाराचा हिशेब, गणवेश आणि उद्या द्यायची माहिती असते. लहान, ठरावीक मुदतीचं आणि कागदावर लिहिलेलं मागा. "सर, दर शनिवारी शेवटची तीस मिनिटं मी आणि मॅडम पेपर बघत बसू. दिवाळीपर्यंत. काही फरक पडला नाही तर थांबवू." याला नाही म्हणणारे मुख्याध्यापक मला फार भेटले नाहीत.

काम चांगलं झालं आणि अधिकारी शाळेत आले, तर सांगताना "आमच्या शाळेने" म्हणा. परस्पर केंद्रप्रमुखांना फोटो पाठवणं, व्हॉट्सॲप गटावर आपल्याच नावाने टाकणं, यातून शाळेत जी कटुता येते ती निस्तरायला वर्षं लागतात. आणि मुख्याध्यापक खरोखरच अडवत असतील, तर आपल्या वर्गापुरतं करत राहा. स्वतःच्या वर्गात कोणी अडवत नाही.

केंद्राची शिक्षण परिषद

या दिवसाकडे बरेच जण सहीपुरतं बघतात. तसं करू नका, कारण दहा शाळांमधली माणसं एका छताखाली बसायची ती एकच जागा आहे. बोलायची संधी मिळाली तर सादरीकरणाच्या पाट्या बनवण्यात रात्र घालवू नका. तीन लेकरांच्या वह्या घेऊन जा, एक पुढे असलेल्याची, एक मधल्याची, एक मागे पडलेल्याची. जूनचं पान आणि सप्टेंबरचं पान शेजारी ठेवा. जमलं ते सांगा आणि तिसऱ्या वहीत जे जमलं नाही तेही सांगा, मग विचारा, "याच्यासाठी तुम्ही काय केलं असतं?" परिषद त्या प्रश्नापासून खरी सुरू होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. त्यातले काही तास अशा वह्या उलगडण्यात गेले तर ते कारणी लागले.

समिती आणि गाव

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर हे सगळीकडे असतं. पण बैठक सकाळी अकराला ठेवली की महिला सदस्य खुरपणीला गेलेल्या असतात आणि रजिस्टर सहीसाठी घरोघर फिरतं. नव्या शिक्षकाने इथे एक छोटी गोष्ट करावी: बैठक संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, शाळेत न जमल्यास तांड्याच्या लिंबाखाली ठेवावी अशी विनंती मुख्याध्यापकांना करावी. मी पाहिलेल्या अशाच एका बैठकीत एका आईने विचारलं होतं, "मॅडम, पोरींच्या संडासाला कडी कामून न्हाई?" वर्षभर आम्ही शौचालय 'सुस्थितीत' असं भरत होतो. कडी दुसऱ्या दिवशी बसली.

समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. तो आयता नमुना उतरवून न भरता चार पालकांना सोबत घेऊन शाळेतून फेरी मारा आणि जे दिसतं ते लिहा. मग ग्रामसभेत ते मांडा. मागणी करताना लेकरं सोबत असली तर गाव ऐकतं.

मराठवाड्यात शिक्षक आणि गाव यांचं नातं जुनं आहे. निजामाच्या राजवटीत मराठीतून शिकणं दुर्मीळ होतं, तेव्हा गावोगावच्या माणसांनी पदरमोड करून राष्ट्रीय शाळा चालवल्या. स्वामी रामानंद तीर्थ १९३८ च्या सत्याग्रहात हैदराबाद संस्थानचे पुढारी म्हणून समोर आले, पण त्याआधी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या शाळेत शिकवत होते. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपण झेंडावंदन करतो. त्या दिवशी भाषणात तारखांसोबत ही शाळाही मुलांना सांगा. आपल्या गावातल्या शाळेची पहिली खोली कुणी बांधली, जागा कुणी दिली, हे त्याच दिवशी म्हाताऱ्या माणसांना बोलावून विचारता येतं.

दसरा झाला की

बीड जिल्ह्यात आणि आसपासच्या भागात असाल तर तुमच्या पुढाकाराची खरी कसोटी इथे आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर गावात यायला लागतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दिवाळी होते न होते तोच कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. लेकरं सोबत गेली की कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, लहान भावंडं सांभाळतात, पाणी भरतात. परत येतात तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. पाचवीनंतर अनेक पोरी मग शाळेकडे फिरकतच नाहीत.

हे काम दिवाळीत सुरू केलं तर उशीर झालेला असतो. पोळ्याच्या सुमारास घरोघर जाऊन यादी करा. कोण जाणार, कोणत्या कारखान्याकडे, मुकादम कोण, मागे घरी कोण राहणार. फोन नंबर दोन घ्या, एक आई-बापाचा आणि एक गावातल्या नातेवाइकाचा. मागे राहू शकतील अशा लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीकडून वेळेत जायला हवा. ते गावातच चालतं, लेकरू आजी-आजोबांकडे राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय होते. प्रस्ताव उशिरा गेला तर मंजुरी येईपर्यंत ट्रक निघून गेलेले असतात.

यादी करताना घरात शिरल्या शिरल्या "पोरीला नेऊ नका" असं म्हणू नका. एका आईने मला विचारलं होतं, "सासू डोळ्यानं अधू हाय मॅडम. पोरगी वयात यायलीय. कुणाच्या जीवावर ठिवू?" त्या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. ते शोधायला तीन आठवडे लागले. शेजारच्या घरातली चुलती तयार झाली, समितीतल्या दोघी बायांनी रोज संध्याकाळी चक्कर मारायचं कबूल केलं, मी त्या पोरीच्या आईला आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल लावून द्यायचं ठरलं. पोरगी राहिली. त्याच वर्षी आणखी दोघी गेल्या, त्यांच्यासाठी असं कुणी सापडलं नाही.

जी जातात त्यांना शिक्षण हमी पत्रक भरून द्या आणि पालकांना वाचून समजावून सांगा की ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. दाखला जवळ नसला तरी कायद्याने प्रवेश अडवता येत नाही, हेही सांगा. पाटीसोबत दोन गोष्टींची पुस्तकं आणि एक कोरी वही द्या. शक्य असेल तर त्या गावच्या शाळेतल्या शिक्षकाला फोन करा. पलीकडचा शिक्षक अनोळखी असतो, पण "आमची चार लेकरं तुमच्याकडे आली आहेत" एवढं सांगितलं की त्यातला माणूस बहुधा कोपीपर्यंत जातो. आपल्या राज्यात असं काम करणाऱ्या शिक्षकांना बालरक्षक म्हणतात. आपल्या केंद्रात बालरक्षक कोण आहेत ते विचारून त्यांना जोडून घ्या, एकट्याने हे ओढू नका.

आणि पाडव्याच्या सुमारास ती परत येतात तेव्हा हजेरी घेताना "इतके दिवस कुठे होता?" असं वर्गासमोर विचारू नका. त्यांनी ट्रकची उंची, उसाची मोळी, मोळ्यांची मोजणी पाहिलेली असते. गणिताचा तास तिथून सुरू करता येतो.

नव्याला सांभाळणं

तुमच्यानंतर कुणीतरी रुजू होईल. पहिल्या दिवशी त्याला राहायला खोली कुठे मिळेल, शेवटची गाडी किती वाजता, पगाराच्या कागदांत काय-काय लागतं हे सांगा. शिक्षणसेवकाची तीन वर्षं मानधनावर असतात, घरापासून लांब असतात, आणि त्या काळात एखाद्याने "जेवलात का?" विचारलेलं जन्मभर लक्षात राहतं. शिकवण्याबद्दलचं बोलणं दुसऱ्या आठवड्यात करा.

कुठे थांबावं

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. व्यवहारात कामं येतात, त्यातली काही टाळता येत नाहीत. पण आपणहून आणखी ओढवून घेऊ नका. मुख्याध्यापकांच्या अधिकाराचे निर्णय, पैशांचे व्यवहार, गावातल्या पार्ट्यांची भांडणं, यांत शिरू नका. लोकसहभागाची वर्गणी हातात घेऊ नका, ती समितीच्या खात्यातच जाऊ द्या आणि पावती होऊ द्या. रोज साठ-सत्तर किलोमीटर ये-जा करणाऱ्या बहिणींना एवढंच सांगते की संध्याकाळची गाडी चुकवून काम करत बसायची गरज नाही. शाळेच्या वेळेत बसेल तेवढंच काम घ्या, ते पुष्कळ होतं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा

निकालपत्रकांच्या गडबडीतही दोन तास काढा. जूनमध्ये घेतलेली ती दोनशे पानी वही उघडा आणि सहकाऱ्यासोबत बसून तिच्या शेवटी तीन-चार पानं लिहा. कोणतं लेकरू वाचनात कुठे आहे, कोणती चूक अजून सुटलेली नाही, साहित्याची पेटी कुठे ठेवली आहे, कोणत्या पालकांना कधी भेटता येतं, शनिवारच्या तीस मिनिटांत काय जमलं आणि काय नाही. आपली बदली होवो न होवो, वही हजेरीपटाच्या कपाटातच ठेवा, घरी नेऊ नका. आणि पहिल्या पानावर लाल शाईने त्या लेकरांची नावं लिहा, ज्यांचे आई-बाप अजून कारखान्यावरून परतलेले नाहीत. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा वर्गात जो कोणी असेल, त्याने आधी त्या घरी जायचं आहे.